धूळ गाडीला गाठते कशी?

कच्च्या रस्त्याने चालून आलेल्या कोणत्याही मोटरहोमभोवती, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीभोवती, एक फेरी मारून पाहावी. समोरच्या काचेवर चिलटे आणि माश्या चिरडल्याचे डाग असतात, पण धूळ बेताचीच असते. दोन्ही अंगांना चाकांच्या मागे मातीचे पट्टे उमटलेले असतात आणि त्यांच्या वरचा भाग बराचसा स्वच्छ असतो. मागची भिंत मात्र अशी माखलेली असते की नंबर प्लेट धड वाचता येत नाही, टेललाइटचा लाल रंग मातकट झालेला असतो आणि मागच्या खिडकीतून बाहेरचे काही दिसत नाही. सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या रस्त्यांवर ही भिंत विटकरी होते, मराठवाड्यातल्या काळ्या रानातून गेले की राखाडी होते; रंग मातीप्रमाणे बदलतो, जागा तीच राहते.

याचे कारण विचारले तर बहुतेक जण सांगतात की चाके धूळ उडवतात आणि ती मागे जाते. हे खरे असले तरी यातून खरा प्रश्न सुटत नाही. चाकांनी उडवलेली बारीक धूळ लवकरच आसपासच्या हवेत मिसळून जवळजवळ जागच्या जागी तरंगत राहते आणि गाडी तिच्यापासून ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने दूर जात असते. अशी धूळ मागे राहून जायला हवी. ती मागच्या भिंतीवर बसायची असेल तर तिला गाडीचा पाठलाग करावा लागेल आणि शेवटच्या टप्प्यात, क्षणभर का होईना, गाडीपेक्षाही जास्त वेगाने पुढे यावे लागेल. धूळ हे खरोखरच करते. तिला तसे करायला लावणारी शक्ती गाडीच्याच आकारात दडलेली आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय केलेले सगळे उपाय वरवरचे ठरतात असे माझे ठाम मत झाले आहे.

मोटरहोम म्हणजे वायुगतिशास्त्राच्या, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या शास्त्राच्या, दृष्टीने चाकांवर ठेवलेले एक खोके. आत उभे राहता यावे, खाट आडवी बसावी, मागच्या भिंतीला दार किंवा कपाट लावता यावे यासाठी ते चौकोनीच असावे लागते. अशा खोक्याच्या टपावरून आणि अंगांवरून वाहणारी हवा मागच्या कडेपाशी येते तेव्हा तिला एकदम काटकोनात वळायचे असते. पृष्ठभागाला लागून असलेला हवेचा पातळ थर घर्षणामुळे आधीच मंदावलेला असतो. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या थराची कल्पना मांडली आणि प्रवाह पृष्ठभागापासून का सुटतो हे प्रथमच नीट समजू लागले. तीक्ष्ण कडेवरून वळणे हवेला जमत नाही. ती कड सोडून सरळ मागे निघून जाते आणि भिंतीच्या पाठीशी एक पोकळी तयार होते, जिथे दाब आजूबाजूच्या हवेपेक्षा कमी असतो.

पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या नदीच्या पुलावर उभे राहून खांबाच्या खालच्या अंगाला पाहिले तर हाच प्रकार डोळ्यांना दिसतो. दोन्ही बाजूंनी पाणी वेगाने पुढे जात असते, पण खांबाच्या लगेच मागे फेस, काटक्या आणि पालापाचोळा गोल गोल फिरत राहतो आणि मधूनमधून प्रवाहाच्या उलट दिशेने येऊन खांबालाच चिकटतो. मोटरहोमच्या मागेही असेच भोवरे असतात: टपावरून सुटलेली हवा खाली वळते, गाडीखालून निघालेली हवा वर वळते, दोन्ही अंगांची हवा आत वळते आणि या सगळ्यांच्या मधोमध हवेचा एक झोत परत फिरून भिंतीवर येऊन आदळतो. चौकोनी पाठीच्या वाहनांमागे हा परतीचा झोत, गाडीतून पाहिले असता, गाडीच्या वेगाच्या साधारण पाव हिश्श्याइतका असतो. म्हणजे गाडी ताशी साठच्या वेगाने जात असताना तिच्या पाठीमागच्या मधल्या भागातली हवा रस्त्याच्या मानाने ताशी सत्तरहून अधिक वेगाने पुढे येत असते. धूळ गाडीला गाठते ती अशी. हा भोवऱ्यांचा प्रदेश भिंतीच्या उंचीच्या सुमारे दीडपट लांब असतो, त्यामुळे सव्वादोन मीटर उंचीच्या भिंतीमागे तो तीन मीटरांच्या पुढे पसरतो.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे म्हणून मी आमच्या गाडीच्या मागच्या भिंतीवर, अंगांवर आणि टपाच्या कडेला विणकामाच्या लोकरीचे वीतभर लांबीचे तुकडे चिकटपट्टीने लावले, आणि धाकट्या बहिणीला मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायला सांगून मी शेजारच्या पट्ट्यातल्या दुसऱ्या गाडीतून पाहत राहिलो. अंगांवरचे तुकडे ताठ मागे झुकून स्थिर होते. मागच्या भिंतीवरच्या एकाही तुकड्याला एक दिशा धरवत नव्हती. मधले तुकडे भिंतीला चपटे चिकटून फडफडत होते, कडेचे बाहेरच्या बाजूला ओढले जात होते, आणि खालच्या कडेजवळचे काही तुकडे चक्क वर उभे राहत होते. वायुगतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही वापरली जाणारी ही जुनी पद्धत आहे आणि ती कोणालाही घरी करता येते. गाडीमागच्या हवेचे चित्र एकदा असे पाहिले की धुळीचा थर पाहून त्या मागची हवा कशी फिरली असेल ते ओळखता येऊ लागते.

पण सगळीच धूळ परत येत नाही, आणि या भेदात या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे असे मला वाटते. कोणता कण हवेबरोबर वळेल आणि कोणता सरळ जाईल हे त्याच्या जडत्वावरून ठरते. दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या मातीच्या कणाला हवेचा बदललेला वेग उचलायला एक हजारांश सेकंदही लागत नाही. शंभर मायक्रॉनच्या कणाला त्याच्या जवळजवळ शंभरपट वेळ लागतो, कारण हा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भोवऱ्याला एक वळण घ्यायला सेकंदाचा काही अंश पुरतो. त्यामुळे बारीक कण हवेच्या प्रत्येक वळणाबरोबर वळतो, मध्यम कण अर्धवट वळतो, आणि वाळूचा दाणा किंवा खडी चाकाने फेकली त्याच दिशेने सुटून रस्त्यावर किंवा मडफ्लॅपवर जाऊन पडते. मागच्या भिंतीवर बोट फिरवून पाहावे: हाताला येते ती टाल्कम पावडरीसारखी मऊ भुकटी, तिच्यात खर जाणवत नाही. मडफ्लॅपच्या आतल्या बाजूला हात लावला तर नेमके उलट, तिथे खरखरीत रेव आणि बारीक खडे लागतात. एकाच रस्त्यावरच्या मातीची गाडीने स्वतःच चाळण केलेली असते.

समोरच्या काचेवरच्या माश्यांचे गणितही हेच आहे. काचेपुढची हवा दोन्ही बाजूंना आणि वर वळते, तिच्यातली बारीक धूळ तिच्याबरोबर वळून निघून जाते, पण माशीचे वस्तुमान मोठे असल्याने तिला तेवढ्या थोड्या अंतरात वळता येत नाही आणि ती काचेवर आदळते. पुढच्या भिंतीला जड ते मिळते आणि मागच्या भिंतीला हलके.

मग एवढा वारा वाहत असताना बसलेली धूळ उडून का जात नाही, हा पुढचा प्रश्न. पहिले कारण असे की पृष्ठभागाला अगदी लागून हवा जवळजवळ थांबलेलीच असते, आणि दहा मायक्रॉनचा कण त्या थांबलेल्या थरातच बुडालेला असतो, म्हणून वाऱ्याची पकड त्याच्यापर्यंत पोचत नाही. दुसरे असे की इतक्या लहान कणाला रेणूंमधले आकर्षण त्याच्या वजनाच्या कितीतरी पट बळाने भिंतीला धरून ठेवते. कण जसजसा लहान होतो तसतसे त्याचे वजन आणि त्याच्यावरचा वाऱ्याचा जोर हे दोन्ही या आकर्षणापेक्षा खूप वेगाने घटत जातात. त्यात सायलेन्सरमधून आलेल्या काजळीचा आणि तेलकटपणाचा पातळ लेप भिंतीवर आधीच असतो. कोकणात रात्री दव पडते, धुळीचा लगदा होतो, सकाळच्या उन्हात तो वाळतो आणि जांभ्यातल्या लोहाच्या ऑक्साइडचा तांबडा डाग पांढऱ्या फायबरवर असा बसतो की नुसत्या पाण्याने निघत नाही. म्हणून अशी भिंत कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. आधी वरून पाणी सोडून माती वाहून जाऊ द्यावी आणि मगच साबणाचा हात फिरवावा, नाहीतर तीच माती रंगावर ओरखडे काढते.

हॅचबॅक गाड्यांच्या मागच्या काचेला वायपर असतो आणि सेडान गाड्यांना तो सहसा नसतो, यामागेही हीच हवा आहे. सेडानची काच तिरकी असते आणि तिच्या मागे डिकीचा सपाट भाग असतो; टपावरची हवा बरीचशी त्या उताराला धरून खाली येते, आणि मळके भोवरे डिकीच्या मागे, काचेपासून दूर राहतात. हॅचबॅकची काच त्या भोवऱ्यांतच उभी असते. उतार किती असला तर हवा धरून राहते याचा प्रसिद्ध अभ्यास अहमद नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये जर्मनीत केला. १०४४ मिलिमीटर लांबीच्या एका साध्या ठोकळ्याच्या मागच्या वरच्या कडेला त्यांनी वेगवेगळ्या कोनांचे उतार दिले, आणि सुमारे ३० अंशांच्या पलीकडे हवा उतार पूर्णपणे सोडून देते असे दिसून आले. हा ठोकळा आज जगभर ‘अहमद बॉडी’ या नावाने मोटारींच्या संशोधनात वापरला जातो. मोटरहोमच्या पाठीचा कोन ९० अंशांचा, म्हणजे तिथे हवा धरून राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हीच पोकळी डिझेलही खाते. ताशी ८० किलोमीटर वेगाला हवेचा गतिज दाब, म्हणजे वेगामुळे येणारा दाब, सुमारे ३०० पास्कल होतो. चौकोनी पाठीवरची दाबातली घट त्याच्या साधारण पाचवा हिस्सा धरली आणि भिंत दोन मीटर रुंद व २.३ मीटर उंच मानली, तर गाडीला मागून ओढणारे बल सुमारे २८ किलो वजनाइतके येते. त्याच्याविरुद्ध गाडी पुढे नेण्यासाठी आठेक अश्वशक्ती सतत खर्ची पडते. वेग १०० वर नेला की हाच खर्च जवळपास दुप्पट होतो, कारण तो वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भिंतीवरची धूळ आणि पंपावरचे बिल यांचे मूळ अशा रीतीने एकच आहे.

आता ज्या मुद्द्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तो. धूळ भिंतीच्या बाहेर राहिली तर नुसता मळ. ती आत आली तर त्याच वाटेने धूरही आत येऊ शकतो. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून कच्च्या रस्त्याने प्रवास केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. गाडी पुढे जात असताना आतली हवा मागे जात असेल असे आपण धरून चालतो, पण खिडक्या उघड्या असलेल्या चौकोनी गाडीत ती बहुधा मागून पुढे वाहते. पुढच्या कोपऱ्यांवरून वळताना बाहेरची हवा वेग घेते आणि चालकाजवळच्या खिडक्यांपाशी दाब मागच्या भिंतीवरच्या दाबापेक्षाही खाली जातो. चालकाने आपली खिडकी उघडली की आतली हवा तिथून बाहेर ओढली जाते, आणि तिची जागा घ्यायला मागच्या दाराच्या फटीतून, कपाटांच्या खालच्या भोकांतून, झिजलेल्या रबरी बीडिंगमधून बाहेरची हवा आत शिरते. ही मागची हवा म्हणजे त्या भोवऱ्यांतली हवा: तिच्यात धूळ असते आणि सायलेन्सरचे तोंड मागच्या भिंतीखाली संपत असेल तर त्याचा धूरही असतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. मागच्या खाटेवर मुले झोपलेली असताना मागची खिडकी हवेसाठी किलकिली ठेवणे आणि पुढची खिडकी उघडी ठेवणे हे एकत्र घडता कामा नये. मोटरहोममध्ये कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवलेला असावाच, आणि सायलेन्सरचे टोक मागच्या भिंतीच्या आत संपत असेल तर ते जाणकार मेकॅनिककडून भिंतीच्या बाहेरपर्यंत वाढवून घ्यावे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे अशा राहत्या गाड्यांतून करायच्या पर्यटनाचे, धोरण आणल्यापासून हौसेने गाडी बांधून घेणाऱ्यांची चौकशी वाढली आहे, आणि त्यातले बरेच जण व्हॅनच्या सांगाड्यावर स्थानिक कारागिरांकडून काम करून घेतात. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की धूळ अडवण्याच्या भरात गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाचे भोक कधीही बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो आणि त्या भोकातूनच बाहेर पडतो. कप्पा राहत्या भागापासून हवाबंद करावा, तळाचे भोक बाहेरच्या दिशेने उघडेच ठेवावे, आणि त्यातून कप्प्यात येणारी धूळ मुकाट्याने सोसावी.

आत येणारी धूळ रोखण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी रूढ केला आहे, कारण तिथल्या अंतर्भागात शेकडो किलोमीटर कच्चे रस्ते आहेत. ते कॅराव्हॅनच्या टपावर पुढे तोंड करून एक झडप बसवतात. टपाच्या उंचीवरची हवा त्या मानाने स्वच्छ असते. ती झडपेतून आत शिरते, आतला दाब बाहेरपेक्षा किंचित वाढतो, आणि प्रत्येक फटीतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाऊ लागते. साध्या गाडीतही हेच तत्त्व वापरता येते: सगळ्या खिडक्या बंद करून पंखा जोरात ठेवायचा आणि एसीचा खटका आतली हवा फिरवण्यावर न ठेवता बाहेरची ताजी हवा घेण्यावर ठेवायचा. पुढे दुसरी गाडी धुरळा उडवत असेल तर तेवढ्यापुरती बाहेरची हवा बंद करावी आणि अंतर वाढवावे.

बाहेरच्या भिंतीसाठी दोन मार्ग आहेत आणि दोन्ही परस्परविरुद्ध दिशांना जातात. अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या स्टेशन वॅगन, म्हणजे टप पार मागेपर्यंत नेलेल्या, गाड्यांच्या टपाच्या मागच्या कडेला वाकवलेली पट्टी लावलेली दिसे. ती टपावरच्या स्वच्छ हवेचा एक झोत खाली वळवून मागच्या काचेवरून सोडते. वरची काच त्याने खरोखर स्वच्छ राहते, पण खालच्या अर्ध्या भागापर्यंत हा झोत पोचत नाही आणि हवेचा रोध वाढतो. दुसरा मार्ग म्हणजे पोकळीच लहान करणे. नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स येथील केंद्रात १९७० च्या दशकात एका व्हॅनला पत्र्याचे खोके चढवून हे तपासले गेले; आधी कोपरे गोल केले, मग मागे निमुळती होत जाणारी शेपटी जोडली, आणि प्रत्येक टप्प्याला रोध कमी होत गेला. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रेलरांच्या मागे दिसणारे घडीचे पंख त्याच विचारातून आले. मोटरहोमला मागे शिडी, सायकली आणि दार असल्याने अशी शेपटी जोडणे अवघड जाते. मागच्या तिन्ही कडांना आत वळलेल्या, हातभर लांबीच्या पट्ट्या लावणे मात्र शक्य आहे, आणि मला विचाराल तर काच स्वच्छ ठेवण्यासाठी रोध वाढवणाऱ्या पट्टीपेक्षा हा मार्ग स्वीकारावा. त्याला चाकांमागे रुंद, जमिनीपासून फार उंच न राहणाऱ्या मडफ्लॅपची जोड द्यावी, कारण भोवऱ्यांत जाणारा माल मुळात चाकांकडून येतो. आणि कच्च्या रस्त्यावर वेग कमी ठेवावा. त्याने धूळ उडणेही कमी होते आणि परतीचा झोतही मंदावतो. बिनखर्चाचा एवढा चांगला उपाय दुसरा नाही.

इतके करूनही मागची भिंत मळणार, हे गृहीत धरावे लागते, आणि म्हणून मागच्या दिव्यांची व्यवस्था वेगळी करावी लागते. टेललाइट आणि इंडिकेटर मागच्या भिंतीत खोल बसवू नयेत, कारण खाचेत धूळ जास्त साचते. ब्रेकचा एक जादा दिवा टपाच्या कडेजवळ उंचावर बसवून घ्यावा. रिव्हर्स कॅमेऱ्याच्या भिंगावर मातीचा पातळ थर बसला तरी दिवसा चित्र ठीक दिसते, पण रात्री मागच्या गाडीचा प्रकाश त्या थरावर विखुरतो आणि पडद्यावर नुसता पांढरा धूर दिसतो. तेव्हा कॅमेऱ्यावर विसंबून गाडी मागे घेऊ नये. परावर्तक पट्ट्यांवरची धूळ तर आपल्याला आतून कधीच कळत नाही, कारण त्या पेटत नाहीत आणि विझतही नाहीत. कच्चा रस्ता संपून महामार्गाला लागण्याआधी गाडी बाजूला थांबवून, पाण्याची बाटली आणि ओले फडके घेऊन दोन्ही टेललाइट, इंडिकेटर, परावर्तक पट्ट्या, नंबर प्लेट आणि कॅमेऱ्याचे भिंग एवढेच धुवावे. बाकीची भिंत मुक्कामाला पोचल्यावर धुता येते.